52 हजार क्रोनरचा पगार, कर आणि स्वीडनचं कल्याणकारी राज्य

पुण्याहून गोथेनबर्गला येण्याआधी तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: महिना 52 हजार क्रोनर पगारावर एवढा कर भरणं परवडेल का, आणि इथलं कल्याणकारी राज्य आणखी दहा वर्षं टिकेल का.

आधी कर. ‘निम्मा पगार कापतात’ ही दंतकथा आहे. 52 हजारांतले साधारण 39-40 हजार हातात येतात. शिवाय कंपनी तुमच्या पगारावर वेगळे 31.42 टक्के सरकारला भरते. आजारपण, पेन्शन, बाळंतपणाची रजा हे सगळं मुख्यतः त्यातून चालतं. इथली बरीचशी मदत म्हणजे नोकरीला जोडलेला विमाच.

तुमची मुलगी अडीच वर्षांची आहे, तेव्हा खरा फायदा तिथेच. पाळणाघराची फी उत्पन्नाच्या 3 टक्क्यांपर्यंत आणि पगार कितीही असो, महिन्याला 2000 क्रोनरच्या आत. वर बालभत्ता 1250. मूल आजारी पडलं तर आई किंवा बाप घरी थांबतो आणि ठरावीक मर्यादेपर्यंत सुमारे 80 टक्के पगार मिळतो. फेब्रुवारीत सकाळी साडेसातला मॅनेजरचाच मेसेज येतो, ‘पोराला ताप, आज नाही येत’, आणि कुणी चकार शब्द काढत नाही. दुसरं मूल झालं तर दोघांत मिळून 480 दिवसांची रजा, त्यातले 90-90 दिवस एकमेकांना देता येत नाहीत. 2024 पासून काही दिवस आजी-आजोबांनाही देता येतात, पण ते स्वीडनच्या विम्यात हवेत. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या सासूबाई त्यात बसत नाहीत!

आता गोम. बेकारी विमा आपोआप लागू होत नाही. ‘आ-कासा’ म्हणतात त्या फंडाचं सभासदत्व पहिल्याच महिन्यात घ्या, आणि युनियनचंही. आपले आयटीवाले युनियन म्हटलं की नाक मुरडतात. इथे इंजिनिअरही बिनधास्त सभासद असतात. पण वर्क परमिटवर असताना नोकरी गेली, तर नवी शोधायला साधारण तीनच महिने. बेकारी भत्ता चालू असला तरी त्यापुढे परमिट टिकत नाही. तेवढ्या दिवसांचा खर्च आणि तिकिटांचे पैसे बाजूला ठेवाच.

टिकेल का? डावीकडे झुकणारा सोशल डेमोक्रॅट पक्ष; ते 1932 ते 1976 जवळपास सलग सत्तेत होते, तेव्हा हे उभं राहिलं. पुढे वारसा कर रद्द केला तोही त्यांच्याच सरकारने. 2022 च्या निवडणुकीत 30 टक्के मतं घेऊन तेच सर्वांत मोठा पक्ष ठरले, पण सरकार बनलं उजव्यांचं, स्थलांतरविरोधी स्वीडन डेमोक्रॅट्स या वेगळ्या पक्षाच्या पाठिंब्यावर. गंमत अशी की पाळणाघरं बंद करा असं या उजव्यांतलंही कुणी म्हणत नाही. भांडण आहे ते कुणाला द्यायचं यावर. बाहेरून आलेल्यांनी आधी लाभासाठी पात्र ठरावं, हे सरकार बनवताना या पक्षांनी आपसांत केलेल्या टिडो करारातच आहे. वर्क परमिटसाठी 13 हजारांचा पगार पुरायचा. नोव्हेंबर 2023 मध्ये ती अट देशातल्या मध्यक (मीडियन) पगाराच्या 80 टक्क्यांवर नेली. तुमचा पगार त्याच्या बराच वर आहे. माझ्या मते व्यवस्था टिकेल, पण नवख्या माणसाला तिच्यात शिरायला दरवर्षी जास्त कागद लागतील.

कंपनीत युनियनचा सामूहिक करार आहे का, हे सही करण्याआधी एचआरला विचारा. जादा पेन्शन बहुधा त्यातूनच येते. आणि आई-वडिलांना कायमचं जवळ ठेवायचं असेल तर ही ऑफर सोडा. परमिटवाल्यांच्या आई-वडिलांना इथे कायम राहायची परवानगी मिळणं जवळपास अशक्य आहे.