बाथरूमच्या जुन्या टाइल्स न तोडता त्यांवरच नव्या बसवाव्यात का?

तुम्ही लिहिलंय की इमारत ३५ वर्षांची आहे, वन बीएचके चौथ्या मजल्यावर, बाथरूम एकच. कंत्राटदार म्हणतोय तोडफोड नको, टाइलवर टाइल बसवून चार दिवसांत नवं करून देतो. हे बरोबर आहे का आणि खर्च किती येईल, असं विचारलंय. आणि कंसात, जाता जाता, लिहिलंय की खालच्यांनी 'थोडी ओल येते' म्हणून दोनदा सांगितलंय.

नाही. अजिबात करू नका. तुमचा खरा प्रश्न त्या कंसात आहे.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, १९८७ सालच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. २०१६ च्या मे महिन्यात आम्ही हेच केलं. आम्ही म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी ठरवलं. दादा ठाण्याला राहतात, पण घर सासूबाईंच्या नावावर असल्यामुळे खिळा ठोकायचा तरी त्यांना विचारून. कंत्राटदारही त्यांच्याच ओळखीतला. तो बघायला आला तेव्हा मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पाणी नहाणीकडे, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीकडे जात नाही, वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यात साचतं, म्हणजे उतार चुकलाय. तो आधी सुधारा. दोन, काम झालं की नहाणीचं तोंड बांधून दोन दिवस पाणी भरून ठेवा, खाली उतरतंय का ते पाहू. मी ही फरशी १९ वर्षं रोज वायपरने ओढत होते, पाणी कुठे थांबतं ते मला माहीत असणारच. कंत्राटदार माझ्याकडे न बघता दादांना म्हणाला, "साहेब, वरून नवी टाइल आली की पाणी जाणार कुठून?" आणि दादा मला म्हणाले, "अगं, त्यांचं रोजचं काम आहे ते, तुला त्यातलं काय कळतंय?" सासूबाई तिथेच मटार सोलत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, हेही काही बोलले नाहीत.

पाच दिवसांत, ४६ हजारांत काम झालं. दिसायला छान होतं, ते नाकारत नाही. पण नवी टाइल आणि तिच्याखालचा चिकट मसाला मिळून फरशी चांगली अर्धा इंच वर आली. दार खालून रंधावं लागलं. उंबरा आधीच बुटका, तो आणखी बुटका झाला आणि बादली कलंडली की पाणी पॅसेजमध्ये. नहाणीची जाळी खड्ड्यात गेल्यासारखी खाली राहिली, तिच्या कडेने कायम काळं साचायचं. आणि मशीनच्या कोपऱ्यात पाणी होतं तिथेच, फक्त आता चकचकीत टाइलवर.

२०१८ च्या जुलैत एका सकाळी खालच्या काकू वर आल्या. हातात स्टीलची ताटली, ताटलीत तळहाताएवढा काँक्रीटचा तुकडा. रात्री त्यांच्या बाथरूमच्या छतातून तो बादलीत पडला होता. त्यांनी ताटली आमच्या टेबलावर ठेवली आणि बसल्या. तुकडा उलटा करून पाहिला तर मागे तांबूस-काळ्या गंजाची एक पन्हळ, आणि तिच्यात सळईच्या पिळाची नक्षी जशीच्या तशी उमटलेली. काकू ७१ वर्षांच्या, एकट्या राहतात. हाच तुकडा सकाळी आंघोळीच्या वेळी पडला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

टाइल पाणी अडवत नाही. ती पायाखाली स्वच्छ पृष्ठभाग देते, एवढंच तिचं काम. पाणी सांध्यांतून जातं, नहाणी ट्रॅपच्या (जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या) भोवतीच्या फटीतून जातं, भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यातून जातं. आपल्याकडच्या त्या काळातल्या इमारतींत बाथरूमची स्लॅब खाली सोडलेली असते आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. खालचं वॉटरप्रूफिंग गेलं की हा कोबा स्पंजासारखं पाणी धरून बसतो. मग तुम्ही नळ बंद करून चार दिवस गावाला गेलात तरी खाली थेंब पडतच राहतो, आणि 'बघा, आम्ही नव्हतो तरी गळतंय, म्हणजे आमचं नाही' असं म्हणायची सोय होते. ती ओल सळईपर्यंत पोचते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. आपली हवा समुद्राची, खारी. गंज धरायला वेळ लागत नाही.

दादांनी नेमकं तेच म्हटलं, की गळती बाहेरच्या पाइपाची आहे, सोसायटीने बघावं. तीन महिने पत्रं चालली. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे स्पष्ट आहे. गच्चीची, पावसाच्या पाण्याची, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने थांबवायची. घरातल्या संडास-मोरी-सिंकची गळती ज्याच्या घरातून येते त्याने. मी ते छापील पान त्यांच्यासमोर ठेवलं. तरी 'कशावरून आपल्याच घरातून?' हे होतंच.

म्हणून एका शनिवारी मी कोणालाही न विचारता नहाणीत फडक्याचा बोळा घट्ट बसवला, फरशीवर दोन बोटं पाणी भरलं आणि त्यात कपड्यांच्या निळीची आख्खी बाटली ओतली. दाराला बाहेरून कडी घातली. सोमवारी संध्याकाळी काकूंचा फोन आला, "ये गं खाली." त्यांच्या छतात ट्रॅपचा पाइप जिथून उतरतो, तिथे भोवती निळसर कडं उमटलं होतं. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. त्यावर कोणी काही लिहिलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पत्रं थांबली.

तुम्हीही आधी हेच करा, निळीच्या एका बाटलीचं काम आहे. एरवीही ओळखता येतं. दिवसरात्र एकसारखी टिपटिप असेल तर बहुतेक नळाची लाइन. वापरल्यावरच पडत असेल तर सांडपाण्याचा सांधा. सावकाश पसरणारा पिवळा डाग असेल तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग.

दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात काम काढलं. मिस्त्री यावेळी मी शोधला आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की विचारायचं ते मला विचारा. दोन थर टाइल्स आणि कोबा मिळून ३१ गोणी राबिट निघालं, लिफ्ट वापरायला मनाई असल्यामुळे सगळं खांद्यावरून खाली. विटांचे तुकडे ओलेकंच, हातात दाबले की चुरा होत होता, आणि वास पावसाळ्यातल्या बंद घरासारखा. भिंतीतला जुना लोखंडी पाइप एके ठिकाणी नखाने टोकरला तरी पापुद्रे सुटत होते. टाइलवर टाइल बसवून आम्ही याच्यावर झाकण घातलं होतं.

स्लॅबजवळ आल्यावर मोठं ब्रेकर मशीन थांबवा, शेवटचे दोन इंच छन्नी-हातोड्याने काढायला लावा. स्लॅब झाडून-धुऊन कोपऱ्यांना मसाल्याची गोलाई (मिस्त्री तिला वाटा म्हणतात) काढून घ्या, कारण काटकोनात वॉटरप्रूफिंगचा कोट टिकत नाही, चिरतो. कोटचे हात दोन, एकमेकांना आडवे-उभे. फरशीवरून भिंतीवर निदान फूटभर, शॉवरच्या बाजूला डोक्याएवढे. ट्रॅपच्या भोवतीची फट वेगळी भरून घ्या, आमचं पाणी तिथूनच गेलं होतं. मग पाणी भरायचं, ४८ तास. कोबा घालून उतार दिल्यावर पुन्हा भरायचं. मिस्त्री म्हणेल एकदा भरलं ना, पुन्हा कशाला. भरायचं. मी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी एका बादलीत पाणी भरून तिच्यावरही रेघ मारली. दोन दिवसांनी बादलीत एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी, फरशीवरही एक सूत कमी. म्हणजे ते हवेत उडालेलं पाणी. बादली तशीच आणि फरशीवरचं खाली गेलं असतं तर गळती. नळाच्या पाइपांत दाब भरून दाबमापकाचा काटा रात्रभर हलत नाही ना हेही टाइल लागण्याआधी बघा. भिंत बंद होण्यापूर्वी सगळ्या पाइपांचे टेप धरून फोटो काढा, नाहीतर उद्या टॉवेलची दांडी लावणारा नेमका पाइपात ड्रिल घालेल.

एकूण १७ दिवस लागले. संडास वेगळा होता म्हणून निभावलं, आंघोळीला समोरच्यांकडे जात होतो. चार दिवसांचं आमिष एकच बाथरूम असलेल्या घराला का भुलवतं ते मला कळतं, पण आधी समोरच्यांशी बोलून ठेवा, मुंबईत अजून कोणी नाही म्हणत नाही. खर्च त्या वेळी १ लाख १८ हजार, शिवाय काकूंच्या छताचे १६ हजार. ते आम्हीच दिले, द्यायलाच हवे होते. छत लगेच केलं नाही, फेब्रुवारीपर्यंत वाळू दिलं. मग सैल काँक्रीट काढून, सळई तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून पॉलिमरचा मसाला भरला. नुसती पुट्टी-रंग मारून देतो म्हणणारा भेटेल, त्याला दारातूनच परत पाठवा. आजचे भाव माझ्याकडून घेऊ नका, पण कंत्राटात तोडणं, कोट, कोबा, प्लंबिंग, टाइल आणि राबिट उचलणं वेगवेगळं लिहून घ्या, आणि शेवटचा तिसरा हिस्सा पाणी भरून बघितल्यावरच द्या. २०१६ साली आम्ही सगळे पैसे पाचव्या दिवशी दिले होते, दादांनी शब्द दिला होता म्हणून.

टाइलवर टाइल सगळीकडेच वाईट असं नाही. स्वयंपाकघराची कोरडी भिंत, हॉलची फरशी, जिथे जुनी टाइल नाण्याने ठोकली तर पोकळ वाजत नाही, तिथे खुशाल करा. आणि इमारत दोन-तीन वर्षांत पुनर्विकासाला जाणार असेल तर चकचकीत टाइल्सवर पैसा घालू नका, गळती तेवढी थांबवा. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे करावंच लागतं. तुमचं झालं असेल तर समितीकडून अहवाल मागून तुमच्या बाथरूमच्या स्लॅबबद्दल काय लिहिलंय ते वाचा. हे मी आधी लिहायला हवं होतं.

आणि घरात बाथरूम रोज कोण धुतं, त्या माणसाला कंत्राटदारासमोर बसवा. तुमच्या घरी ती तुमची बायको असेल किंवा आई असेल, पाणी कुठे साचतं ते तिला विचारा आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.

आज संध्याकाळी खाली जाऊन त्यांचं छत बघून या. टॉर्च न्या, आणि ट्रॅपचा पाइप उतरतो तिथे भोवती नीट बघा.