भुवया उचलायच्या आहेत. एफडी मोडू की हप्ते घेऊ?

प्रश्न : वय ४७, सोलापुरात अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. भुवया खाली उतरल्यात, कपाळावर आडव्या रेषा पडल्यात. वर्गातल्या मुलींपासून नणंदेपर्यंत सगळे विचारतात, ‘बरं नाही का?’ पुण्यातल्या एका क्लिनिकने ब्रो लिफ्ट सुचवली आहे. रोख १,९५,०००, नाहीतर १७,५०० चे १२ बिनव्याजी हप्ते. रविवारपर्यंत बुकिंग केलं तरच हा दर. चार लाखांची एफडी जुलैत संपते, ती मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी ठेवली आहे. बचत खात्यात दीड लाख आहेत. बारा जणींची दहा हजारांची भिशी आहे, माझा नंबर ऑगस्टमध्ये. घरकर्ज, घरखर्च, भिशी जाऊन महिन्याला पंधरा-सोळा हजार उरतात. यजमानांचे यंत्रमाग आहेत. मेडिक्लेम आहे. मेच्या सुट्टीत उरकावं म्हणते. काय करू?

उत्तर : ताई, एफडी मोडू नका आणि हप्तेही घेऊ नका. शस्त्रक्रिया करूच नका, असं मात्र मी म्हणत नाही. घरातल्या बाईने स्वतःवर दोन-अडीच लाख खर्च करायचे म्हटलं की चार जण नाकं मुरडतात. तेवढ्याच पैशांची बुलेट दारात आली की पेढे वाटतात. हौस तुमची, कमाई तुमची. प्रश्न फक्त कुठल्या पैशातून आणि कधी, एवढाच.

पण त्याआधी एक गोष्ट कळायला हवी, आणि ती कोटेशनमध्ये नाही. तुमची भुवई खाली आली आहे, की वरच्या पापणीची कातडी सैल पडली आहे? आरशात दोन्ही सारखंच दिसतं, शस्त्रक्रिया मात्र वेगळ्या आणि त्यांचे पैसेही वेगळे. खरी अडचण भुवईची असताना नुसती पापणीची कातडी काढली, तर भुवई आणखी खाली बसू शकते. उलटही होतं : पापणीच्या छोट्या कामात भागणाऱ्या बाईला पूर्ण ब्रो लिफ्ट विकली जाते. म्हणून आधी सोलापुरातच एखाद्या नेत्रतज्ज्ञांना दाखवा. वरच्या बाजूचं कमी दिसत असेल, वाचताना कपाळ ताणून धरावं लागत असेल, तर दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे व्हिज्युअल फील्ड टेस्ट, करून घ्या. एकच बाजू उतरली असेल, अचानक उतरली असेल, दोन-दोन दिसत असेल किंवा संध्याकाळकडे जास्त उतरत असेल, तर कॉस्मेटिक क्लिनिकचा विषय बाजूला ठेवून आधी मेंदूविकारतज्ज्ञ गाठा.

या तपासणीचा पैशाशीही थेट संबंध आहे. मेडिक्लेममध्ये रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिलेला हा अपवाद आहे. पॉलिसीत ‘Excl08’ या कोडखाली सापडेल. त्यातून सुटतात ते अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना, आणि तब्येतीला थेट, तातडीचा धोका असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेला उपचार. नजरेलाच अडथळा असेल तर रिपोर्ट जोडून टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, आधीच लेखी विचारा. मिळेलच असं धरून बजेट करू नका. आणि कोणी ‘डोळ्याचं म्हणून बिल बनवून देतो’ म्हणालं तर तिथून उठा. खोटा दावा पकडला गेला तर पॉलिसीच जाते, आणि घरातले सगळे उघड्यावर पडतात.

आता कोटेशन. १,९५,००० हा आकडा जीएसटीसकट आहे का? आरोग्यसेवेला जीएसटी नाही, पण ही सूट कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला मिळत नाही. तिथे १८ टक्के लागतात. वेगळा लागला तर ३५,१०० वाढून २,३०,१०० होतात. भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, रक्ततपासण्या, औषधं यांतलं काय धरलंय आणि काय नाही, हे कागदावर घ्या. टाके किंवा स्टेपल्स साधारण आठवडा-दहा दिवसांनी निघतात, म्हणजे एकतर तेवढे दिवस पुण्यात राहणं किंवा सोबत माणूस घेऊन पुन्हा अडीचशे किलोमीटर जाणं आलंच. सगळं धरून मी २,६०,००० चा हिशेब करेन.

बिनव्याजी हप्त्यांचं गणित तुमच्याच पत्रात आहे. रोख १,९५,०००, हप्त्यांनी २,१०,०००. वरचे १५,००० हेच व्याज. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, त्यामुळे हा दर वर्षाला सुमारे १४ टक्के पडतो, प्रोसेसिंग फी वेगळी. शिवाय महिन्याला तुमच्याकडे उरतात पंधरा-सोळा हजार आणि हप्ता साडेसतरा हजारांचा. पहिल्याच महिन्यापासून बचत खात्याला हात लागेल. ते दीड लाख तर अजिबात हलवू नका. यंत्रमागाच्या धंद्यात माल उठेनासा झाला की घर त्याच पैशांवर चालतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एफडी का नको? मुदतीआधी मोडली तर बँक व्याजात साधारण अर्धा ते एक टक्का कापते, ते सोसता येईल. पण कॅप राऊंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीत, मुलीची जागा लागली की फी भरायला मोजकेच दिवस मिळतात. त्या आठवड्यात पैसे कमी पडले तर सोनं गहाण टाकायची वेळ येईल.

मे महिन्याबद्दल. पारा ४२-४३ वर असताना डोक्याला टाके, त्यात घाम आणि धूळ. सूज आणि काळे-निळे डाग उतरायला दहा-पंधरा दिवस जातात, पुढेही काही आठवडे ऊन टाळायचं, जड उचलायचं नाही. दिवाळीची सुट्टी घ्या, कमी पडली तर जोडून रजा टाका. तोवर पैसेही जमतात : फेब्रुवारी ते ऑक्टोबर १५,००० ची आरडी म्हणजे १,३५,००० अधिक थोडं व्याज, आणि ऑगस्टच्या भिशीचे १,२०,०००. झाले की अडीच लाख, तेही कुणाचं देणं न करता. उरलेले पाच-सात हजार दिवाळीच्या खरेदीतून काढा.

दरम्यान दोन सर्जनना भेटा. एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी, अथवा ऑक्युलोप्लास्टीचं, म्हणजे पापण्या-भुवयांच्या शस्त्रक्रियांचं, प्रशिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, हे तपासा. दुर्बिणीने, केसांच्या आत छोटे छेद देऊन करणार, की एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत छेद घेऊन? दुसऱ्या पद्धतीत व्रण मोठा राहतो आणि डोक्याची कातडी बधिर राहण्याची शक्यता जास्त. छेदाजवळचे केस जाणं, दोन भुवया वरखाली दिसणं, क्वचित कपाळाची नस दुखावून भुवई उचलता न येणं, हे धोके लेखी समजून घ्या. आणि पैशाचा प्रश्न स्पष्ट विचारा : भुवया वरखाली झाल्या तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा? मेडिक्लेम त्यालाही हात वर करू शकतो.

बोटॉक्सचा पर्याय कोणीतरी सुचवेलच. परिणाम तीन-चार महिने टिकतो, म्हणजे वर्षातून तीनदा खर्च. दोन-तीन वर्षांची बेरीज करून मगच त्याला स्वस्त म्हणा. इंजेक्शन चुकीच्या जागी पडलं तर भुवया काही काळ आणखी उतरतात. शस्त्रक्रियाही जन्मभराची नव्हे. वय थांबत नाही, काही वर्षांनी भुवया पुन्हा थोड्या उतरतातच.

राहिला रविवार. बुकिंगची रक्कम भरू नका. रद्द केल्यास परत मिळते का, हे विचारलं की काही ठिकाणी नियम सांगतात, पण लिहून देत नाहीत. दर सोमवारी वाढला तर वाढू द्या. दिवाळीला अजून वेळ आहे, आणि नेत्रतज्ज्ञांचा रिपोर्ट तर अजून यायचाच आहे.