कुळागरात अनवाणी जाता का? जंतांबद्दलचे तुमचे प्रश्न

पाऊस सुरू झाल्यापासून जंतांवर इतके मेसेज आलेत की वेगवेगळी उत्तरं देत बसण्यापेक्षा इथेच एकत्र घेतेय. नावं कुणाचीच टाकलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टर, आम्ही डिचोलीकडचे. मुलगा साडेचार वर्षांचा. फेब्रुवारीत अंगणवाडीत जंताची गोळी दिली, आता ऑगस्टमध्ये परत देणार म्हणे. सासूबाई म्हणतात गोड बंद करा, गुळाने जंत होतात, गोळ्या कशाला? शीमध्ये तर कधी जंत दिसला नाही.

द्या, बिनधास्त द्या. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे राष्ट्रीय जंतनाशक दिवस, २०१५ पासून चालू आहेत, १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी गोळी. त्या दिवशी ताप असेल तर थांबा, बरा झाला की द्या. गोळी चावून खायला लावा, लहान असेल तर चुरून पाण्यातून द्या, अख्खी गिळायला देऊ नका, घशात अडकते.

दिसला नाही म्हणजे नाही असं नसतं. गोल जंत लहान आतड्यात राहतो, मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते, ती डोळ्याला दिसत नाहीत. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगून हे सांगा की गुळात जंताची अंडी नसतात हो, ती असतात मातीत. कुणीतरी उघड्यावर बसलं, अंडी मातीत पडली, दोन-तीन आठवडे तिथे मुरली की मग ती लागण करायला तयार होतात, आणि नखातून, न धुतलेल्या काकडीतून पोराच्या तोंडात जातात. गोळी आज पोटात आहेत ते जंत मारते, उद्या येणाऱ्याला अडवत नाही, म्हणून परत परत द्यावी लागते.

प्रश्न : फोंडा तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे. बायको ३४ वर्षांची, हिमोग्लोबिन ७.८. सहा महिने आयर्नच्या गोळ्या चालू, वाढतच नाही. थोडं चाललं तरी धाप लागते. पायाच्या बोटांमध्ये खाज मात्र दर पावसाळ्यात येते, ती चिखल्या समजून मलम लावते. ह्याचा काही संबंध आहे का?

दादा, असू शकतो, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं केलंत. ती कुळागरात अनवाणी फिरते का ते आधी बघा. पोफळीच्या सावलीत माती कायम ओली, ऊन लागत नाही, हवा उबदार, हुकवर्म नावाच्या जंताच्या अळीला ह्यापेक्षा चांगली जागा नाही. अंड्यातून अळी एक-दोन दिवसात बाहेर येते, आठवडाभरात लागण करण्याजोगी होते, आणि ही तोंडातून यावी लागत नाही, पायाच्या कातडीतून सरळ आत शिरते. आर्थर लूस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या हे इजिप्तमध्ये लक्षात आलं, अळ्यांचं पाणी चुकून त्याच्याच हातावर सांडलं, तिथे खाज सुटली आणि नंतर त्याच्याच शौचात अंडी सापडली, १८९८ च्या सुमाराची गोष्ट. कातडीतून रक्तात, रक्तातून फुफ्फुसात, तिथून घशात येऊन गिळली जाते आणि आतड्याला चिकटते.

चिकटली की रक्त पिते. हुकवर्मच्या दोन जाती, त्यातल्या अँकायलोस्टोमा जातीचा एक जंत दिवसाला ०.१५ ते ०.२ मिली रक्त घालवतो, म्हणजे शंभर जंत असतील तर रोज १५-२० मिली. नेकेटर जातीचा कमी पितो पण पितोच. तुम्ही वरून आयर्न घालताय आणि खालून गळतंय, वाढणार कसं?

पण माझं वाचून नुसती गोळी घेऊन बसू नका. ७.८ म्हणजे डॉक्टरांना दाखवायचंच, लवकर. पाळीत जास्त जातं का, मूळव्याध आहे का, थॅलेसेमिया ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची ठेवण आहे का, हे सगळं बघावं लागतं. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात शौचाची तपासणी होते, नमुना ताजा द्या, हुकवर्मची अंडी ठेवून ठेवून फुटतात आणि मग रिपोर्ट चुकतो. दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तर आधी सांगा, पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी देत नाहीत. आयर्न चहाबरोबर घेऊ नये, आणि जंत गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवायचं. आणि तिला गमबूट आणून द्या. कामाला येणाऱ्या माणसांनाही द्या, आणि त्यांना संडास कुठला वापरायला मिळतो तेही एकदा स्वतः जाऊन बघा, कारण तो नसेल तर ते कुळागरातच जाणार आणि त्याच मातीत तुमची बायको उतरणार.

प्रश्न : माशेलच्या चिखलकाल्याला, चिखलात खेळायच्या त्या उत्सवाला, मुलांना न्यायचं की नाही? जंतांची भीती वाटते.

न्या हो! देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात आषाढात पोरांनी लोळायचं नाही तर कधी लोळायचं. पोटातल्या जंतांची लागण नुसत्या चिखलाने होत नाही, चिखलात माणसाची विष्ठा मिसळलेली असेल तर होते, आणि देवळासमोर कुणी बसायला जात नाही. आदल्या दिवशी नखं कापा, पायाला उघडी जखम असेल तर ह्या वर्षी राहू द्या, आणि घरी आल्यावर साबणाने अंघोळ झाल्याशिवाय प्रसाद हातात देऊ नका.

प्रश्न : मोरजीला समुद्रकिनारी वाळूत बसलो होतो, आता पावलावर लाल नागमोडी रेघ उठलीय, रोज पुढे सरकते, रात्री झोपू देत नाही.

ही बहुतेक कुत्र्या-मांजरांच्या हुकवर्मची अळी. माणसाच्या कातडीत शिरते पण खोल जायची वाट तिला सापडत नाही, म्हणून वरच्या वर फिरत राहते, दिवसाला काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटर. काही आठवड्यांनी आपोआप मरते, पण इतके दिवस खाजवून जखम पिकवायची कशाला, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, अल्बेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिनने लवकर थांबते. गरम पाण्याने भाजू नका, सुईने कोरू नका, अळी रेघेच्या टोकाला नसते, पुढे गेलेली असते. भरतीचं पाणी जिथवर येतं ती वाळू त्यातल्या त्यात बरी, वरच्या कोरड्या वाळूत कुत्री बसतात.

प्रश्न : मुलीला रात्री शीच्या जागी खाज. मातीतूनच ना?

नाही, हे सुतासारखे बारीक पांढरे जंत, माणसाकडून माणसाला होतात, नखं आणि चादरीतून. डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्या आणि दोन आठवड्यांनी परत.

प्रश्न : सेप्टिक टाकीतला गाळ सुकवून परसातल्या तांबड्या भाजीला (लाल माठाला) घातला तर? पाने मिठाच्या पाण्यात धुतो.

भाजीला अजिबात नको. गोल जंताचं अंडं मातीत वर्षानुवर्षं टिकतं, त्याचं कवच इतकं चिवट की मीठ, व्हिनेगर, क्लोरीन कशालाच दाद देत नाही. मिठाच्या पाण्याचा भरवसा सोडा, वाहत्या पाण्याखाली एकेक पान चोळून धुवा, त्याने अंडी निघून जातात, आणि तांबडी भाजी आपण शिजवूनच खातो, शिजवल्यावर उरलेली मरतात. खरी अडचण कोथिंबीर, काकडी, मुळा अशा कच्च्या खाण्याची. गाळ टाकून झालाच असेल तर त्या वाफ्यात ह्या गोष्टी लावू नका, आणि पुढच्या वेळी टाकी उपसायला टँकरवाल्यांना बोलवा, गाळ कुठे नेऊन ओतणार तेही त्यांना विचारा.