यमक जुळवायला बसलो की कविता शाळेतल्या पाठांतरासारखी होते, मजा कशी येईल?

तुम्ही विचारलंय की यमक जुळवायला गेलं की अर्थ हातातून सुटतो आणि कंटाळा येतो, तर सेम केस होती माझी. ऑफिसात एका साहेबांचा निरोप समारंभ होता आणि कविता माझ्या गळ्यात पडली. मी लिहिलं, "साहेब आमचे आता निवृत्त होत आहेत, आठवणी त्यांच्या मनात येत आहेत", आणि अशा सोळा ओळी, सगळ्या आहेत-आहेत. मागून कोणीतरी म्हणालं, पाढे म्हणतोय का रे हा? लोक हसले, मीपण हसलो, पण घरी येऊन जाम लागलं ते.

घोळ काय होतो तर मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे येतो-जातो, होते-जाते असं यमक फुकटात मिळतं आणि फुकटातलं असल्यामुळे त्यात गंमत नसते. क्रियापद उचलून आधी टाका आणि शेवटी एखादी वस्तू येऊ द्या, बघा काय होतं. तीच कविता मी नंतर, कोणी मागितली नसताना, परत लिहिली:

ड्रॉवर झाला रिकामा, उरला जुना पंच
उद्यापासून कुणासोबत खायचा आम्ही लंच

आता खरं सांगतो, लंच आधी सुचला होता. त्याला जोडी शोधता शोधता पंच आठवला, कागदाला भोकं पाडायचा, जो अख्खा मजला साहेबांकडून मागून न्यायचा. यमक शोधलं नसतं तर तो पंच मला आठवलाच नसता! म्हणजे अर्थ आधी ठरवून त्याला यमक चिकटवायचं हे माझं डोक्यातलं गणितच उलटं होतं.

हे आमच्या मामीला कधीपासून माहीत होतं. उखाणा ती कायम शेवटाकडून बांधते. एका लग्नात नणंदांनी दार अडवलेलं, नवरी गप्प, मामी तिच्या कानात म्हणाली की तुला आत जायचंय ना, मग "आत" वर संपव. मग मुळाक्षरं फिरवायची, घात, दात, पात, भात, रात, वात, हात. भात आणि वात सगळ्याजणी घेतात म्हणून ते सोडायचे (मामीचा नियम, माझा नाही). दोन मिनिटांत तयार:

आल्याच्या चहात गवती चहाची पात
...रावांचं नाव घेते, जाऊ द्या की आत

अजून एक, यमक कानाने तपासा. पाणी-गाणी जुळतं, पाणी-कोणी तेवढं जुळत नाही, कारण णी सारखा असला तरी त्याच्या आधीचा स्वर वेगळा आहे. कागदावर हे कळत नाही, मोठ्याने म्हटलं की लगेच खटकतं.

सुरुवात कशाने करायची म्हणाल तर मोठ्या अभंगाचा साचा घ्या. संतांनी वापरलेला आहे म्हणून घाबरू नका, फार सोपा आहे, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक, बस. ऱ्हस्व-दीर्घ मोजायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. परवा लाईट गेली तेव्हा गच्चीत बसून बोटांवर मोजत केलेला हा:

वीज गेली तेव्हा
उकाड्याचा मारा
खिडकीचा वारा
रुसलेला

महान वगैरे काही नाही, पण शेवटच्या चरणात चारच अक्षरं मिळतात ना, तिथे "रुसलेला" बसल्यावर जो आनंद झाला तो शब्दकोड्याचं शेवटचं घर भरल्यासारखा. आधी "थांबलेला" होतं, तेही चारच अक्षरं, पण त्यात जीव नव्हता. गझलेकडे मात्र लगेच वळू नका, तिथे मतल्यात, म्हणजे पहिल्या दोन ओळींच्या शेरात, काफिया म्हणजे यमक ठरलं की शेवटच्या शेरापर्यंत तेच सांभाळायचं आणि वर वृत्तसुद्धा, सुरुवातीलाच दमछाक होते. मी दोनदा केलीय ती चूक.

विषय मोठे घेऊ नका, लाईट बिल, सोसायटीचं पाणी, डब्यातली भाजी चालेल. आणि कोणाला तरी ऐकवा, मी बायकोला व्हॉट्सॲपवर टाकतो, ती फक्त अंगठा पाठवते.

तो पंच आता माझ्या ड्रॉवरमध्ये असतो, नवीन पोरं मागायला येतात.