रेकॉर्डर घेतला, पण पडदा काळाच

प्रश्न : तापकीर गल्लीतून साडेअकरा हजारांचा व्हिडिओ रेकॉर्डर घेतला. ‘कुठल्याही डीटीएच बॉक्सला चालतो,’ असं दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. घरी जोडला तर पडदा काळा. डीटीएच कंपनी म्हणते, आमचाच रेकॉर्डिंगचा बॉक्स घ्या. दुकानदार पैसे परत न देता ‘लॉक काढणारा’ स्प्लिटर गळ्यात मारतोय. आईसाठी कीर्तनं रेकॉर्ड करायची आहेत. कंपनीवर दावा लावू का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आईसाठी कीर्तन रेकॉर्ड करणं गुन्हा नाही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 39 नुसार खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगने प्रसारण हक्काचा भंग होत नाही. पण तुम्हाला मोकळीक आहे म्हणून कंपनीने कुलूप उघडून द्यावं, असं तो कायदा सांगत नाही. एचडीएमआय केबलमधून येणाऱ्या चित्रावर एचडीसीपीचं, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या डिजिटल कुलपाचं, संरक्षण असतं. तुमचा रेकॉर्डर त्यापाशीच अडला असणार. अमेरिकेत 1996 च्या कायद्याने बाजारातून घेतलेल्या यंत्रांना वाट देण्याचा प्रयत्न झाला, तिथल्या केबल कंपन्यांना त्यासाठी चॅनेलचं कुलूप उघडणारं वेगळं कार्ड द्यावं लागे. 2020 मध्ये ती सक्तीही उठली. आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामकाने त्याच वर्षी सर्व कंपन्यांना चालतील अशा सेट-टॉप बॉक्सची शिफारस केली. शिफारशीच्या जोरावर दावा उभा राहत नाही. कंपनीचा नाद सोडा.

स्प्लिटर अजिबात घेऊ नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम 65अ मध्ये असं संरक्षण तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यासाठी हक्कभंगाचा हेतू लागतो, त्यामुळे तुमच्यावर गुन्हा टिकणं अवघड. पण ‘गिऱ्हाइकाची अडचण मी सोडवली’ असं म्हणायला दुकानदार मोकळा होईल, आणि तुमची खरी केस त्याच्याविरुद्धच आहे.

मालाबद्दल खोटी हमी देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा, म्हणून बिल मिळालं नसेल तर तेही तक्रारीत लिहा. आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून पंधरा दिवसांत पैसे मागा. 1915 या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. पुष्कळ दुकानदार तेवढ्यावर नमतात. नाहीच ऐकलं तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज डिलीट करू नका, फोनही तूर्त बदलू नका. रेकॉर्डरचा मॉडेल नंबर आणि काळा पडदा एकाच व्हिडिओत येईल असं चित्रण आजच करून ठेवा. यंत्र परत करायची वेळ आली तर सहीशिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.