बोंडं आणि तारे

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी गझल मिळाली. गझलेच्या गटातल्या लोकांनी तिच्यावर काय काय म्हटलं तेही तू जसंच्या तसं उतरवून पाठवलंस, हे बरं केलंस. शेवटी तू विचारलं आहेस, 'बाई, सगळे म्हणतात तसं बदलू का?' त्या प्रश्नासाठी हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

आधी तुझा शेर इथे पुन्हा लिहिते, कारण तो मला फार आवडला.

बाप मोजत राहतो बोंडं उभा
कर्ज मोजत राहतं त्याला घरी

कापसाच्या या 'बोंडं'च्या जागी 'तारे' घे, असं एका ज्येष्ठांनी सुचवलं आणि त्या सूचनेला शेरापेक्षा जास्त दाद मिळाली. 'बोंडं' गागा, 'तारे'ही गागा; गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू. गालगागा गालगागा गालगा, लगावलीला, म्हणजे लघुगुरूंच्या या क्रमाला, कुठे धक्का लागत नाही. म्हणूनच मला या बदलाची भीती वाटते. वृत्त मोडलं असतं तर तुझ्या कानाला लगेच कळलं असतं. इथे काहीच खटकत नाही, ओळ उलट गोड होते, आणि तुझा बाप मात्र तिच्यातून निघून जातो. तारे मोजणारा माणूस प्रेमात पडलेला असतो, नाहीतर त्याला झोप आलेली नसते. बोंडं मोजणारा माणूस वेगळा. एका झाडाला किती बोंडं धरली यावरून एकरी किती क्विंटल निघेल, हे तो मनात मांडत असतो. त्या आकड्यावर कृषी केंद्राची उधारी आहे, सोसायटीचं पीककर्ज आहे, तुझ्या होस्टेलची फी आहे. दुसऱ्या ओळीतलं कर्ज त्या बोंडांतूनच आलं आहे. तारे घेतलेस की ते आभाळातून पडल्यासारखं वाटेल.

तेव्हा बोंडं राहू दे. अकोटकडे बोलतात तशी 'बोंडं'च राहू दे, 'बोंडे' करायचीही गरज नाही.

दुसरी सूचना आणखी एका शेराच्या शेवटी आलेल्या 'उरी'बद्दलची. ज्या मुलाने ती केली त्याच्यावर तू चिडली आहेस, 'हा नुसत्या चुकाच काढतो' असं लिहिलं आहेस. पण तो बरोबर आहे. गटाने दिलेल्या ओळीच्या शेवटी 'दरी' होतं, तू मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, त्याला 'सरी' जोडलंस. तिथेच ठरलं की 'री'च्या आधी 'अ' हवा. ती अलामत. घरी चालेल, तरी चालेल, 'उरी'त मात्र 'उ' आला आणि काफिया, म्हणजे यमक, तुटला. गातानाही तिथे जीभ अडते, म्हणून बघ. आणि खरं सांगू का, 'उरी' हा शब्द तू घरी कधी बोलत नाहीस. दुःख उरी ठेवतात ते फक्त कवितेत. तुझी माय काही दुखलं तर 'छातीत भरून आलं' म्हणते. त्या मुलाने चूक अलामतीची दाखवली, पण त्याच्यामुळे एक उसना शब्दही तुझ्या गझलेतून जाईल. त्याला नीट धन्यवाद कळव. कौतुक करणारे पुष्कळ मिळतात. तुझी ओळ थांबून मोजणारे फार थोडे असतात, त्यांना धरून राहा.

मी हे एवढ्या आग्रहाने का सांगते आहे, तेही ऐक. 1986 साली मी नुकती नोकरीला लागले होते. गावात महिन्यातून एकदा गझलेची बैठक व्हायची. तिथे मी एक शेर वाचला, त्यात आईची फुकणी होती. ओल्या तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या काड्या, चुलीत पेटवताना ती फुकणी फुंकायची, डोळ्यांतून पाणी यायचं आणि त्यातच गुणगुणायची, असं काहीसं. बैठकीतल्या एका मोठ्या कवींनी फुकणीची मुरली केली. मात्रा त्याच, ललगा. सगळी बैठक उठून बसली. तो शेर पुढे दिवाळी अंकात छापून आला, मी किती ठिकाणी म्हटला त्याची मोजदाद नाही. एकदा घरी आईला म्हणून दाखवला. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं हाये वं. कोनाचं हाये?"

तिची फुकणी होती ती. तिला ओळखू आली नाही. त्या दिवसापासून तो शेर मी कुठे म्हटला नाही.

याचा अर्थ गट सोड असा अजिबात नाही. कोपऱ्यात एकटं बसून लिहिलं की आवाज आपोआप सापडतो, यावर माझा विश्वास नाही. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ उभं राहिलं. रविवारी एकत्र जमून एकमेकांना कविता ऐकवणारी ही मंडळी, आणि तरी यशवंत, गिरीश, माधव जूलियन यांचा सूर तुला वेगवेगळा ऐकू येतो. जूलियनांना फारसी येत होती, त्यांनी तिथली वृत्तं मराठीत रुजवली, 1933 साली 'गज्जलांजली' काढली. त्यांच्या बऱ्याच गज्जला मात्र एकाच भावाच्या सलग कविता आहेत. पुढे आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांनी धरून ठेवलं की प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता हवी. नवीन लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. ती तू काढून वाच, अलामतीचा घोळ कायमचा मिटेल.

आणि त्याही आधीची आपली संतमंडळी आठव. छंद एक, विठ्ठल एक, संगत एक. पण सावता माळ्याच्या अभंगात कांदा, मुळा, भाजी आली, जनाबाईच्या अभंगात दळण-कांडण आलं. सावत्याला कुणी 'कांद्याऐवजी चंदन घे' म्हटलं असतं तर आज त्याचा अरण गावचा मळा आपल्याला दिसला असता का?

तुमच्या गटाच्या पद्धतीत मला एकच गोष्ट जपून करण्यासारखी वाटते. दर आठवड्याला सगळ्यांना एकच जमीन, म्हणजे एकच वृत्त आणि एकाच घाटाचे काफिये, पणजीपासून दुबईपर्यंतची माणसं तिच्यात लिहितात. तरहीचा, म्हणजे दिलेल्या ओळीवर लिहिण्याचा, सराव उत्तमच, पण सहा महिन्यांत सगळ्यांचे शेर एकमेकांसारखे व्हायला लागतात. तुझ्या मागच्या चार गझला मी काढून पाहिल्या. आसवं सात ठिकाणी, जखमा पाच ठिकाणी, मैफल तीनदा. शेतीतलं वावर एकदाही नाही, धुरा नाही, तिफण नाही. आसवं-जखमांचे हे शब्द गटाचे आहेत, तुला त्यांची सवय लागली आहे. माझी एक जुनी रीत आहे. जमीन मिळाली की काफिये कागदावर लिहून काढायचे. बासरी, पंढरी, पायरी हे पहिल्या झटक्यात आले ना, मग ते बाकीच्यांनाही आले असणार. ते बाजूला ठेवायचे आणि थांबायचं. काही वेळाने भाकरी येईल, ओसरी येईल, बाजरी येईल. आणखी थांबलीस तर गोवरी येईल. लगावलीत नेमकी बसते, अलामत सांभाळते, आणि तुमच्या परसात उन्हात ओळीने मांडलेली असते. तो काफिया तुझी वाट पाहतो आहे, असं मला मनापासून वाटतं. ओळ मात्र मी सुचवणार नाही. सुचली तरी नाही.

त्या ज्येष्ठांना काय कळवायचं, हाही तुझा प्रश्न असेल. आदराने लिही की सूचना वाचली, विचार केला, पण वडील बोंडंच मोजतात म्हणून तोच शब्द ठेवते आहे. एवढंच. वाद घालू नकोस, खुलासे लिहू नकोस. त्यांना पटलं नाही तर नाही पटलं. त्यांच्या इतर सूचना पूर्वीसारख्याच वाचत जा, त्यांचा कान चांगला आहे.

वेचणीच्या दिवसांत घरी जाशील तेव्हा सीतादहीचा विधी कसा करतात ते नीट बघून ये. मी लहानपणी पाहिलेलं आता धूसर झालं आहे, तुझ्याकडून ऐकायचं आहे. आणि गोवरीचा शेर झाला तर गटात टाकण्याआधी मायला म्हणून दाखव. ती काय विचारते ते मला कळव.

तुझी,
बाई