नकाशा रंगवण्याआधी

प्रिय बेटा,

अंगणवाड्यांचा तुझा नकाशा पाहिला. प्रत्येक अंगणवाडीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ, बाहेर राहिलेल्या वस्त्या वंचित. काम नेटकं आहे, पण धोरणाच्या टिपणात हे असंच जाऊ देऊ नकोस.

आपलं नागपूर रुळांनी चिरलेलं आहे. समज, इतवारी-कळमन्याकडे रुळापलीकडची अंगणवाडी वर्तुळात २०० मीटरवर दिसते. पोर कडेवर घेऊन निघालेल्या आईला मात्र फाटक नाहीतर पूल गाठावा लागतो. नाग नदी, पिवळी नदी, रिंगरोड, सगळीकडे हाच प्रकार. म्हणून सरळ रेषेतलं अंतर सोड. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर निघतं आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचे रस्ते फुकट मिळतात. त्यात गल्ल्या सुटलेल्या असतात, त्या पायी हिंडून भर. बायका रूळ ओलांडूनच जातात का, तेही विचार. ती वाट नकाशाच्या कुठल्याच थरात सापडणार नाही, आणि तिचा धोका टिपणात यायलाच हवा.

मीटरमध्ये मोजायचं तर आधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत, तपास. यूटीएम या प्रक्षेपणात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडलेले असतात; नागपूरला त्यातला ४४ उत्तर झोन लागतो. ७८ अंशांचं रेखावृत्त विदर्भाच्या मधूनच जातं, त्यामुळे अमरावती, अकोला ४३ मध्ये पडतात. विदर्भभर काम नेशील तेव्हा इथे फसशील.

सगळ्यात जास्त काळजी मला सीमांची वाटते. लोकसंख्या तू २०११ च्या जनगणनेच्या वॉर्डांवरून घेतलीस आणि रंगवलीस २०१७ च्या महापालिका निवडणुकीतल्या चार सदस्यांच्या प्रभागांवर; दोन्हींच्या सीमा जुळत नाहीत. क्षेत्रफळाच्या प्रमाणात माणसं वाटली, म्हणजे रेल्वे यार्डातही माणसं राहायला गेली! वस्तीचा भाग उपग्रहचित्रावरून वेगळा काढ आणि मगच वाटणी कर. शिवाय गरीब प्रभागात कुपोषण जास्त दिसलं, म्हणून तिथलं प्रत्येक गरीब घर कुपोषित ठरत नाही. रॉबिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९५० मध्ये हेच दाखवलं होतं: अमेरिकेत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत साक्षरता जास्त होती, माणूस-माणूस पाहिलं तर ते लोक उलट कमी साक्षर होते.

आता वस्ती किती वंचित आहे हे सांगणारा एकच निर्देशांक वॉर्डांवर एकदा आणि चौकोनी जाळीवर एकदा काढ. वंचित वस्त्यांची यादी बदलली, तर दोन्ही नकाशे अधिकाऱ्यांसमोर ठेव. नवी अंगणवाडी कुठे उघडायची हे त्या यादीवर ठरणार आहे. त्याआधी यादी तिथल्या सेविकाताईंना वाचून दाखव, त्या जी वस्ती सुटली म्हणतील ती लिहून घे, मग मला पाठव.

अनेक आशीर्वाद.